घर तेच, मतदारसंघ नवा

वसईच्या होळी भागातल्या माणसाला 'तुमचा खासदार कोण?' असे विचारायचे, तर आधी वर्ष सांगावे लागते. घर तेच राहिले, मतदारसंघ मात्र बदलला. २००९ पूर्वी लोकसभेसाठी वसई उत्तर मुंबईत होती. १९८९ पासून सलग पाच वेळा राम नाईक निवडून आले. २००४ मध्ये अभिनेते गोविंदा यांनी त्यांना हरवले.

मग पुनर्रचना झाली. बोरिवली-मालाडची सोबत सुटली आणि वसई डहाणू-विक्रमगडबरोबर पालघर या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात आली. २००९ साली बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, २०१४ साली भाजपचे चिंतामण वनगा. वनगांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली. गंमत पाहा, भाजपच्या राजेंद्र गावितांनी शिवसेनेच्या श्रीनिवास वनगांना हरवले. वर्षभरातच युतीत ही जागा शिवसेनेकडे गेली आणि तेच गावित शिवसेनेचे खासदार झाले! २०२४ मध्ये भाजपचे डॉ. हेमंत सवरा आले.

वसईकराचे रोजचे दुखणे लोकलची गर्दी, जव्हारच्या पाड्यावरचे दुखणे पाणी. आता दोघांनाही एकाच खासदाराचे दार ठोठवावे लागते.