मेंब्रेन म्हणजे चाळणी नव्हे

घरच्या आरओचं मेंब्रेन बदललं की जुनं लगेच टाकून देऊ नका, एकदा कापून बघा. मधल्या नळीभोवती कागदासारखे पांढरे पदर घट्ट गुंडाळलेले दिसतील. नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारी पुष्कळशी मेंब्रेन अशीच गुंडाळलेली असतात, फक्त आकाराने कितीतरी मोठी. हा वायू काढावाच लागतो. तो जळत नाही, आणि ओल मिळाली की आम्ल होऊन पाइपलाइन आतून खातो.

मेंब्रेन म्हणजे बारीक भोकांची चाळणी, हा सगळ्यात पक्का गैरसमज. वायू वेगळे करणाऱ्या पॉलिमरच्या थरात अशी कायमची भोकं नसतातच. वायू आधी पॉलिमरमध्ये विरघळतो, मग त्याच्या साखळ्यांमधल्या क्षणभर उघडणाऱ्या फटींतून सरकत कमी दाबाच्या बाजूला बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुमारे ०.३३ नॅनोमीटरचा, मिथेनचा ०.३८. लहान म्हणून तो लवकर सरकतो, आणि मिथेनपेक्षा सहज द्रवरूप होणारा असल्यामुळे विरघळतोही जास्त. फिलाडेल्फियात डॉक्टर मिचेल यांनी १८३१च्या सुमारास रबरी फुग्यांत वेगवेगळे वायू भरून पाहिले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड झपाट्याने निसटताना दिसला. फुग्याला भोक नव्हतं. विरघळून पार जाण्याचा खुलासा रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये केला.

‘कॉम्पोझिट’ (म्हणजे वेगवेगळ्या थरांचं) या शब्दानेही घोटाळा होतो. जाड, दणकट पडदा जास्त चांगला गाळेल असं वाटतं. प्रत्यक्षात वायू वेगळे करणारा थर केसापेक्षा काहीशे पटींनी पातळ असतो, कारण थर जाड झाला की वायू पार व्हायला वेळ लागतो. एवढा नाजूक थर दाबाखाली टिकावा म्हणून त्याच्याखाली सच्छिद्र आधार असतो. भोकं असतात ती या आधारात, आणि निवड करणं हे त्याचं काम नव्हे. अडचण अशी, की वरच्या थरात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं राहिली तरी वायू तिथून न निवडता धावतो. मोन्सँटो कंपनीतल्या हेनिस आणि ट्रायपोडी यांनी यावर काढलेला उपाय मला आजही सुंदर वाटतो. त्यांनी पॉलिसल्फोनच्या पोकळ धाग्यांवर सिलिकॉन रबराचा लेप दिला. सिलिकॉन वायू वेगळे करण्यात कच्चं, पण छिद्रं बुजवायला पुरेसं; निवड लेपाखालच्या पॉलिसल्फोनच्या पातळ वरच्या थराने केली. ही मेंब्रेन हायड्रोजन वेगळा करण्यासाठी १९८० मध्ये बाजारात आली.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतंच, असंही म्हणतात. पण सिंधमधल्या कादिरपूर वायू प्रकल्पात १९९५ पासून सेल्युलोज अ‍ॅसिटेटची मेंब्रेन वायूतला कार्बन डायऑक्साइड ६.५ टक्क्यांवरून २ टक्क्यांखाली आणण्यासाठी बसवलेली होती. सेल्युलोज म्हणजे लाकडात आणि कापसात असतो तोच पदार्थ.

एकदा बसवलं की झालं, असं मात्र नाही. जास्त दाबाखाली कार्बन डायऑक्साइड पॉलिमरला फुगवतो, साखळ्या सैल होतात आणि मिथेनही आत शिरू लागतो. शुद्ध वायूवर मोजलेले आकडे विहिरीच्या वायूला लागू पडत नाहीत ते यामुळेही. शिवाय कार्बन डायऑक्साइड निघून गेला की उरलेल्या वायूत जड हायड्रोकार्बनचं प्रमाण वाढतं, वायू थंडही होतो, आणि मेंब्रेनवर तेलकट थेंब साचू शकतात. म्हणून आधी वायू साफ करून घ्यावा लागतो. थोडा मिथेन पार जातोच. तो वाया जाऊ नये म्हणून पलीकडचा वायू पुन्हा दाबून दुसऱ्या टप्प्यातल्या मेंब्रेनवर सोडतात.

मेंब्रेन बसवलं म्हणजे हवामानाचा प्रश्न सुटला, हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. मेंब्रेन फक्त वेगळं करतं. वेगळा केलेला वायू आकाशात सोडला, तर वातावरणाचं ओझं तेवढंच राहतं. ब्राझीलच्या समुद्रातल्या सांतोस खोऱ्यात पेट्रोब्रास कंपनीच्या तरंगत्या उत्पादन जहाजांवर जागा आणि वजन दोन्ही मोजून मिळतात, म्हणून तिथे मेंब्रेन सोयीची ठरली. तिथे वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड मात्र आकाशात न सोडता दाबून, समुद्रतळाखालच्या ज्या साठ्यातून तो वर आला तिथेच परत पाठवतात.