शून्य पाऊस आणि कुरतडलेली वायर

जुलैचा दुसरा आठवडा, ठिकाण गगनबावडा, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर पाऊस ०.० मि.मी. एक दिवस नाही, सलग अकरा दिवस.

ज्यांनी गगनबावडा पाहिलाय त्यांना इथेच हसू येईल. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावरचा, कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा हा तालुका. जुलैत इथं दोरीवर टाकलेला टॉवेल आठवडाभर वाळत नाही. मला मात्र हसू आलं नाही, कारण तो डेटा माझ्या प्रबंधाच्या एका अख्ख्या प्रकरणाचा होता.

दोष पावसाचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. नोव्हेंबर ते मे मी ज्या शेडमध्ये सामान ठेवलं होतं, तिथल्या उंदराचा होता. खरं तर माझाच. म्हणून ही पोस्ट शेडबद्दल आहे. संशोधन पद्धतीच्या पेपरला यातलं काही येत नाही, पण फिल्डवर जाणार असाल तर हे आधी वाचा.

आधी तो शून्य कुठून आला ते बघू. टिपिंग बकेट पर्जन्यमापकात फनेलखाली सी-सॉसारखी दोन कप्प्यांची छोटी बादली असते. ठरावीक पाणी साठलं की ती कलंडते, चुंबकामुळे एक स्विच क्षणभर जोडला जातो आणि लॉगर एक टिक मोजतो. माझ्या यंत्रात एक टिक म्हणजे ०.२ मि.मी. पाऊस. आता वायर तुटली तर काय होईल? बादली कलंडत राहील, पण लॉगरपर्यंत काहीच पोचणार नाही. टिक नाही म्हणजे पाऊस नाही, असं समजून तो इमानदारीत शून्य लिहीत राहील. ‘मी बिघडलोय’ असं त्याला सांगताच येत नाही. हाच जानेवारीचा डेटा असता तर मी तो शून्य डोळे झाकून वापरला असता, आणि ते जास्त भयंकर आहे.

वायर शेडमध्येच कुरतडली गेली होती. वरचं आवरण गेलेलं, आत तांब्याची एखाददुसरी तार उरलेली. जूनमध्ये मी घाईत ती उलगडून बसवली. महिनाभर चालली, मग वाऱ्याने हिसका दिला आणि गेली. वाचवलं कुणी, तर शेजारच्या काकूंनी. त्यांच्या परसात साधा पर्जन्यमापक ठेवला होता आणि त्या रोज सकाळी ८.३० ला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेलाच, वहीत आकडा लिहायच्या. त्यामुळे त्या अकरा दिवसांचा रोजचा पाऊस मिळाला. पण कोणत्या तासात किती पडला, हे गेलं ते गेलंच, आणि माझा प्रश्न नेमका तासाच्या तीव्रतेचा होता. फाइलमध्ये ते शून्य खोडून ‘नोंद नाही’ असं लिहिलं. शून्य आणि ‘नोंद नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे बरं का.

आता शेड. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि तो सतत काही ना काही कुरतडतो. वायर त्याला खायची नसते. ती वाटेत असते, मऊ असते, एवढंच पुरतं. त्यामुळे ‘शेडमध्ये खायला काही नाही, मग उंदीर कशाला येईल’ हा माझा तर्क चुकीचा होता. त्याला कोरडी, उबदार, कुणी न फिरकणारी जागा हवी असते. भातकापणी झाली की शेतातले उंदीर आसरा शोधत निघतात, आणि नेमकं त्याच सुमारास आपण यंत्रं गुंडाळून आत ठेवतो. शेडला टेकून पिंजराची गंज किंवा शेणींचा ढीग असेल तर त्यांना पायघड्याच. आणि हो, मीही कबूल करतो: दुसऱ्या कामासाठी आणलेली शेंगदाण्याची पिशवी त्याच शेडमध्ये होती.

उपाय करण्याआधी कोण येतंय ते ओळखा. संध्याकाळी भिंतीच्या कडेने रांगोळीची पातळ पट्टी पसरायची आणि सकाळी पावलं बघायची. पीठ वापरू नका, ते मेजवानी होईल. लेंड्याही मोजा. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतील तर घरातला छोटा उंदीर. सेंटिमीटरच्या पुढे असतील तर मोठा, बहुतेक आढ्यावरून पळणारा काळा उंदीर. दाराशी ताज्या मातीचा ढिगारा असेल तर घूस. हे कशासाठी? छोटा उंदीर ६ मि.मी.च्या फटीतून आत येतो. पेन्सिल जाते तिथून तो जातो असं समजा. मोठ्याला साधारण १२ मि.मी. पुरतात आणि तो वरून येतो, म्हणून फक्त खालची बिळं बुजवून भागत नाही. चिचुंद्री दिसली तर तिला जाऊ द्या. ती उंदीरच नव्हे, मुख्यतः किडे खाते.

बुजवण्यात मी एक वर्ष वाया घालवलं. इंटरनेटवर सगळे सांगतात तशी भांडी घासायची तारेची घासणी बिळांत कोंबली. इथल्या दमट हवेत एका पावसाळ्यात तिचा गंज होऊन भुगा झाला. दुसऱ्या वर्षी गावातल्या गवंड्याने जे सुचवलं तेच टिकलं: सिमेंटमध्ये फुटक्या काचा. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकली. कौलं आणि भिंत यांच्यामधली वळचणीची फट मात्र सिमेंटने बंद करू नका, हवा खेळली नाही तर उंदराऐवजी बुरशी यंत्रं खाईल. तिथं ६ मि.मी.पेक्षा बारीक छिद्रांची, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी लावा. नायलॉनची मच्छरजाळी एका रात्रीत जाते.

फट बंद झाली तरी सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. ती उंदराची गादी आहे. धान्याची पत्र्याची कोठी सगळ्यात उत्तम. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि निळे दाणे गुलाबी झाले की बदला. कोठी भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर ठेवा, म्हणजे वाळवीही दिसते. लांब वायरी मी गुंडाळून आढ्याला टांगतो, आजीच्या स्वयंपाकघरातल्या शिंक्यासारख्या. फक्त काळा उंदीर दोरीवरूनही उतरतो, म्हणून मध्ये पत्र्याची गोल थाळी ओवायची. बंदरात जहाजांच्या दोरांना अशाच थाळ्या लावतात.

अल्ट्रासोनिक यंत्र विकत घेऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार लागतो, अशी ताकीद दिली होती. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जात नाहीत, डोकं मात्र तुमचं दुखतं. विषाबद्दल एवढंच: विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, आणि इथं चहूबाजूंनी जंगल आहे. पिंजरा पुरतो. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून पहिले तीन-चार दिवस तो न लावता नुसता खाऊ ठेवून द्या.

साफसफाई करताना कोरडा झाडू मारू नका. लेंड्यांवर आधी ब्लीचचं पाणी शिंपडा, हातमोजे घाला, मग पुसून घ्या. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि फिल्डवर पायाला जखमा नसलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. कोपऱ्यात हात घालण्याआधी काठी फिरवा. उंदीर असतील तिथं धामण येते, कधी नागही.

आणि बसवण्याआधी प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा, शिवाय पाणी ओतून बघा. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौ. सें.मी. असेल तर ०.२ मि.मी. म्हणजे ४ मि.ली. म्हणजे १०० मि.ली. पाणी हळूहळू सोडलं तर २५ टिक यायला हव्यात. एक-दोन इकडेतिकडे चालतील.

यंदा मेच्या अखेरीस मी हे केलं. वायर शाबूत होती, पण एकही टिक आली नाही आणि फनेल तुडुंब भरला. हिवाळ्यात त्याच्या तोंडाला फडकं बांधायचं राहिलं होतं, आणि खालच्या नळीत कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं. काडीने ते काढलं, पाणी परत ओतलं. पंचवीस.