पॉलिसीच्या मागे टाचलेला कागद

लोणी काळभोरला सकाळी सात वाजता सोलापूर रस्त्यावर उभे राहिले की आपली माणसे दिसतात. कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाच्या खांद्यावर फावडे, कुणाच्या हातात भाकरीचा डबा. यांच्या बापांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या हजेरीवर काम केले. आज यांच्यातलीच काही मुले स्वतः ठेकेदार झाली आहेत. प्लास्टर, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम यांचे छोटे ठेके घेतात आणि दहा-पंधरा माणसांच्या चुली पेटत्या ठेवतात. समाजाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

या भागात तेल कंपन्यांचे डेपो आहेत, मोठी शिक्षणसंस्था आहे, आणि हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत इमारती वाढत आहेत. जरा मोठे काम मागायला गेले की ऑफिसातले साहेब पहिला प्रश्न विचारतात, "विम्याची पॉलिसी आहे का?" मग घाईघाईने एजंट गाठायचा, पॉलिसी काढायची, झेरॉक्स जोडायची आणि मूळ कागद पत्र्याच्या पेटीत ठेवून द्यायचा. परांचीवरून माणूस पडतो तेव्हाच तो कागद पुन्हा बाहेर निघतो. त्या दिवशी वाचून काय उपयोग?

पॉलिसीच्या पहिल्या पानावर जे दिसते ते अर्धेच असते. उरलेले अर्धे मागे टाचलेल्या कागदांवर असते. या कागदांना विमा कंपनीच्या भाषेत 'एन्डॉर्समेंट' म्हणतात.

एन्डॉर्समेंट म्हणजे काय?

घरात सून आली की रेशनकार्डात तिचे नाव चढवावे लागते. चढवले नाही तर ती घरात राहते, राबते, पण तिच्या वाट्याचे धान्य येत नाही. एन्डॉर्समेंट तशीच असते. पॉलिसीत नंतर घातलेली किंवा काढलेली बाब कंपनी या कागदावर लिहून देते. एखादा कागद संरक्षण वाढवतो, एखादा कमी करतो, एखादा नुसती दुरुस्ती करतो. छापील अट आणि एन्डॉर्समेंट यांत फरक पडला तर साधारणपणे एन्डॉर्समेंटचे म्हणणे धरले जाते.

"काळजी नको, सगळे येते त्यात," असे एजंट तोंडी म्हणाला तर त्यावर विसंबू नये. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता आधी जमा झाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. म्हणून वाढीव संरक्षण हवे असेल तर वाढीव हप्ता भरावा, पावती घ्यावी आणि लेखी कागद हातात आल्यावरच काम सुरू करावे.

दोन पॉलिसी, दोन कामे

आपल्या पुष्कळ ठेकेदारांचा गोंधळ इथेच होतो. बांधकामासाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' नावाची पॉलिसी असते. तिच्या पहिल्या भागात कामाचे नुकसान येते, दुसऱ्या भागात बाहेरच्या माणसाची इजा आणि बाहेरच्या मालमत्तेचे नुकसान येते. रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यात वीट पडली तर हा दुसरा भाग कामाला येतो. पण ठेकेदाराचा स्वतःचा बिगारी पडला तर तो 'बाहेरचा माणूस' नव्हे. त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी लागते. एक काढली म्हणजे दुसरी आपोआप आली, असे होत नाही.

हे कागद जरूर तपासा

पहिला, पोटठेकेदाराच्या माणसांचा. ठेकेदाराने सेंट्रिंगचे काम दुसऱ्या मुकादमाला दिले आणि मुकादमाने स्वतःची आठ माणसे आणली. कामगार पॉलिसीत ही माणसे आपोआप येत नाहीत. त्यासाठी एन्डॉर्समेंट घ्यावी लागते आणि त्यांची मजुरीही कंपनीला सांगावी लागते.

दुसरा, संख्या, मजुरी आणि ठिकाणाचा. हप्ता वाचावा म्हणून पंधरा माणसांऐवजी सहा दाखवायची, रोज आठशेऐवजी चारशे लिहायचा, ही सवय फार वाईट आहे. अपघातानंतर कंपनी हजेरीपट मागते. काम लोणीतून मांजरीला गेले, माणसे वाढली, तर लगेच अर्ज करून बदल लिहून घ्यावा.

तिसरा, औषधोपचाराचा. कामगार पॉलिसीत दवाखान्याचा खर्च बहुधा वेगळ्या एन्डॉर्समेंटने, ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. ती मर्यादा किती आहे ते बघावे.

चौथा, शेजारच्या भिंतीचा. पाया खोदताना हादऱ्याने किंवा आधार सुटल्याने शेजारचे घर तडकले तर ऑल रिस्क पॉलिसीच्या मूळ अटींत ते नुकसान वगळलेले असते. जुन्या गावठाणात घराला घर लागून असते. तिथे पाया खोदणाऱ्याने ही एन्डॉर्समेंट मागूनच घ्यावी. जमिनीखालच्या केबल आणि पाइपलाइन यांच्यासाठीही वेगळ्या अटी असतात.

पाचवा, नव्या कायद्याचा. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, तिच्यात धरला आहे. सोलापूर रस्त्यावरून पहाटे मोटारसायकलने येणाऱ्या मजुरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पॉलिसीवर अजून जुन्याच कायद्याचे नाव असेल तर नवी जबाबदारी तिच्यात येते का, हे कंपनीला पत्र लिहून विचारावे.

भरपाई कुणाच्या डोक्यावर?

२९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यांत लहान लेकरेही होती. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यातील शास्त्रीनगरला बांधकामाची लोखंडी जाळी कोसळून बिहारचे ५ मजूर गेले. असे घडले की माणूस कुणाचा, भिंत कुणाची, ठेका कुणाचा, असे प्रश्न उभे राहतात. मजुराच्या विधवेने या प्रश्नांत किती दिवस फिरायचे?

म्हणून कायद्याने वाट ठेवली आहे. मालक आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेत असेल तर कामगाराला थेट मालकाकडे भरपाई मागता येते. ही तरतूद १९२३ च्या कायद्याच्या १२ व्या कलमात होती आणि संहितेतही आहे. पण मालक ती रक्कम मग ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. शेवटी बोजा येतो तो आपल्याच छोट्या ठेकेदारावर.

बोजा केवढा? मृत्यूच्या भरपाईसाठी महिन्याच्या पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशेबाचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला होता. तीस वर्षांच्या कामगारासाठी आकडा २०७.९८ आहे. ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये. वेळेत दिले नाहीत तर वर व्याज आणि दंड. दंडाचा भार विमा कंपनीवर पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले आहे. काही पॉलिसींत व्याजही वगळलेले असते. एवढी रक्कम भरायला आपल्या ठेकेदाराला राहते घर विकावे लागेल. नाही विकले तर एका मजुराची लेकरे उघड्यावर पडतील. दोन्ही घरे आपलीच.

बाबासाहेबांची दृष्टी

कामगाराचा जीव नशिबावर सोडू नये, असे बाबासाहेबांनी मानले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपवली गेली आणि पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर विमा सरकारच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यावा, असे त्यांनी मांडले. ज्यांनी एवढा पुढचा विचार केला त्यांच्या लेकरांनी स्वतःच्या पेटीतला कागद न वाचता ठेवावा काय?

आता काय करावे?

ठेकेदार बांधवांनी काम बदलेल तसा कागद बदलावा. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात निकाल न लागल्यास किंवा उत्तर पटले नाही तर पुण्यातच विमा लोकपालाचे कार्यालय आहे. एकट्या मालकीच्या छोट्या धंद्याची तक्रार तिथे चालते आणि फी लागत नाही.

मजूर बांधवांनी हजेरीत नाव रोज लागते की नाही ते बघावे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला ती मिळते. नोंदणी असलेला कामगार कामावर दगावला तर मंडळ वारसाला ५ लाख रुपये देते. ही मदत ठेकेदाराच्या भरपाईहून वेगळी आहे.

माता-भगिनींना विशेष विनंती. पेटीची किल्ली बहुधा तुमच्याकडे असते. येत्या रविवारी विहारातली वंदना झाली की पॉलिसी बाहेर काढा. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि मागे टाचलेले कागद एकेक करून मोठ्याने वाचून घ्या. जे समजणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करा आणि सोमवारी कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

जय भीम.