नोंद कुणी केली? जागल्या, माग आणि आपलं संशोधन

एम.एस्सी.ला असताना माझ्या प्रयोगाची एक रात्र वाया गेली. सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रकल्प होता. प्लेट्स इनक्युबेटरमध्ये ३७ अंशांवर ठेवल्या होत्या. सकाळी बघतो तर तापमान बरोबर ३७, पण वाढ निम्मीसुद्धा नाही. माध्यम चुकलं की कल्चर मेलं, काही कळेना. दोन दिवस डोकं खाजवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनकाकांनी सहज विचारलं, "त्या रात्री लाइट गेलती, तुमचं काय नुकसान नाही ना झालं?" त्यांच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं: १.१० ला गेली, ४.०० ला आली.

ती रीडिंग्ज मी बाद केली आणि प्रबंधात कारण दिलं, "वीजपुरवठा खंडित झाल्याची नोंद आहे." मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलनं एवढंच लिहिलं, "नोंद कुणी केली?"

संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न जवळ ठेवावा असं मला वाटतं. तो नीट समजून घ्यायला आपल्याच नगर जिल्ह्यातला पहारेकरी फार उपयोगी पडतो.

माग आणि शीव

जुन्या गावगाड्यात गावाची राखण हे एक ठरलेलं काम होतं. रात्री जागणारा तो जागल्या, वेशीवर पाळीनं बसणारा तो वेसकर, म्हणजे आपल्या बोलीत येसकर. मुलखाप्रमाणे हे काम कुठे महारांकडे, कुठे रामोशी, भिल्ल किंवा कोळी यांच्याकडे असे. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात या व्यवस्थेचं वर्णन आहे. चोरी झाली की राखणदारानं पावलांवरून चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपली. पुढचा माग दुसऱ्यानं काढायचा. माग जिथे थांबेल, त्या गावावर चोरीला गेलेल्या मालाची जबाबदारी.

यात दोन गोष्टी बघा. पहिली, पुरावा हातोहात पुढे जातो आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या जाणकाराची खात्री पटवावी लागते. आपण शोधनिबंधात संदर्भ देतो आणि परीक्षक तो तपासतात, ते याहून फार वेगळं नाही. दुसरी गोष्ट अडचणीची आहे. माग आपल्या शिवेत संपला तर भुर्दंड आपल्याच गावाला. मग माग पलीकडे गेला असंच दिसावं, ही ओढ माणसाला असणारच. निरीक्षण करणाऱ्याचं पोट निरीक्षणाच्या निकालावर अवलंबून असेल, तर निरीक्षणाला बाक येतो. फेलोशिपची मुदत संपत आलेली असताना आलेख मनासारखा यावा म्हणून दोन बिंदू वगळावेसे वाटतात ना, तीच ही ओढ.

राखणदार कधी दरोडेखोर होतो?

आता अकोले तालुक्यात जाऊ. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची आणि घाटवाटांची राखण हे तिथल्या महादेव कोळी नाईकांचं पिढ्यांचं काम होतं. १८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांना या किल्ल्यांवरच्या शिबंदीची गरज उरली नाही. कामं गेली, हक्क गेले आणि पुढच्या तीस वर्षांत डोंगरात उठाव होत राहिले. देवगावच्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

१८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये हा इतिहास आहे, पण तो सरकारच्या बाजूनं, बंड आणि बंदोबस्त या चष्म्यातून लिहिलेला. आज त्याच राघोजींना आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो. याचा अर्थ गॅझेटियर फेकून द्यायचं असा नाही. तारखा, गावांची नावं, नेमणुका यांसाठी ते फार मोलाचं आहे. फक्त 'दरोडेखोर' हा शब्द दिसला की लगेच मान्य न करता थांबायचं आणि विचारायचं, हा माणूस काल काय करत होता? पुष्कळदा उत्तर मिळतं: राखण. माणसं तीच, डोंगर तोच, बदललं ते नोंद करणारं सरकार.

एकच काम, दोन पुस्तकं

साहित्यातही हेच दिसतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ चं. गावाची रचना, बलुतेदार, त्यांची कामं आणि हक्क यांचा इतका बारीक तपशील मराठीत क्वचितच सापडेल. पण त्यांची कळकळ मुख्यतः कुणब्यासाठी आहे. कुणब्याच्या खळ्यावरून किती जण वाटा नेतात, हा त्यांचा हिशेब. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, आणि पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. तिथे ज्याच्या अंगावर ते काम पडलं होतं, त्याच्या घरातून आपण गाव बघतो. आत्र्यांचा 'हक्क' इथे वाढलेल्या हातावर पडतो तेव्हा कसा दिसतो, ते कळतं.

कायद्याची कागदपत्रं यात तिसरी बाजू आणतात. १८७४ च्या वतन कायद्यानं ही वंशपरंपरागत कामं बांधून टाकली होती. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात त्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. महार वतनदाराला रात्रंदिवस राबावं लागतं, तो नसला तर घरच्यांना यावं लागतं, आणि मोबदला मात्र तुटपुंजं इनाम आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचं बलुतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये. गावाच्या सुरक्षिततेची किंमत कोण मोजत होतं, हे कळायला तिन्ही बाजू वाचाव्या लागतात. एकच वाचली तर आपण अर्धवट माहितीवर ठाम बोलायला लागतो.

नोंद नाही म्हणजे घटना नाही?

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर सगळ्यांना माहीत आहे. घरांना दारं नाहीत, गावाचा राखणदार शनिदेव. २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची बँक शाखा उघडली, ती बातमी सगळीकडे गाजली. २०१५ मध्ये तिथे पोलीस ठाणंही सुरू झालं. श्रद्धेबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. पण समजा, उद्या तुम्ही या गावावर अभ्यास करायला घेतलात. 'तक्रार नाही' आणि 'चोरी नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. देवच राखणदार असेल तर माणूस तक्रार नोंदवेल का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. प्रयोगशाळेतही तसंच. उपकरणानं काही दाखवलं नाही, तर आधी ते उपकरण दाखवू शकत होतं का ते तपासा.

आगरकरांनी 'विकारविलसित' नावानं मराठीत आणलेलं 'हॅम्लेट' आठवा. भूत पहिल्यांदा दिसतं ते रात्रीच्या पहारेकऱ्यांना. शिकलेला होरेशियो आधी विश्वास ठेवत नाही. पण तो थंडीत त्यांच्याबरोबर जाऊन उभा राहतो आणि स्वतः बघतो. मला तो चांगला संशोधक वाटतो. त्यानं पहारेकऱ्याचं म्हणणं डोळे मिटून मानलं नाही, आणि तो पहारेकरी आहे म्हणून झटकूनही टाकलं नाही.

म्हणून कुठलीही नोंद हातात आली की तीन प्रश्न विचारा. प्रत्यक्ष पाहिलं कुणी? लिहिलं कुणी? आणि नोंद चुकली असती तर भुर्दंड कुणाला बसला असता? तिन्हींचं उत्तर एकच माणूस असेल असं समजू नका. जागल्यानं पाहिलं, साहेबानं लिहिलं आणि भुर्दंड जागल्याला, असं आपल्या इतिहासात पुष्कळदा झालंय.

'जागल्या' हा शब्द अजून जिवंत आहे. आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला आपली वर्तमानपत्रं हल्ली जागल्या म्हणतात, आणि त्याची किंमतही बहुधा तोच मोजतो.

माझ्या प्रबंधातलं ते वाक्य मी नंतर बदललं: "प्रवेशद्वारावरील रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांच्या रजिस्टरातील नोंदीनुसार." आभारांच्या पानावर काकांचं नावही घातलं. छापील प्रत दाखवली तर त्यांनी चष्मा पुसून ते पान वाचलं आणि म्हणाले, "वेळ बरोबर लिहिलीय ना पण?"

मी परत तपासली. बरोबर होती.