पेटीबाहेरचा आंबा

अक्षय्यतृतीया जवळ आली, की कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात हापूसचा वास दरवळू लागतो. वास्तविक हा जिल्हा उसाचा, गुळाचा आणि दुधाचा. आंबा येतो तो फोंडा, गगनबावडा, आंबा या घाटांनी वर चढून, कोकणातून. देवगडचा गोड की रत्नागिरीचा, यावर आपल्या घराघरांत वाद झडतात. पण झाडावरचा प्रत्येक आंबा काही पेटीत बसण्याचे नशीब घेऊन येत नाही. कुणी आकाराने लहान, कुणाच्या सालीवर डाग, तर कुणी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर असताना पिकायला आलेला. बागायतदार या साऱ्यांना एकच नाव देतो, 'कॅनिंगचा'. हा आंबा डझनावर नव्हे, किलोवर विकला जातो.

कारखान्यात तो आधी नीट पिकवावा लागतो. मग धुणे आणि निवडणे. हापूस निवडायला नजर तयार हवी, कारण या राजाच्या अंगी एक खोड आहे, साका! बाहेरून फळ सोन्यासारखे आणि कापावे तर आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. सालीवरून काही कळत नाही. पुढे यंत्र कोय बाजूला काढते, गर चाळणीतून गाळला जातो, तापवून निर्जंतुक केला जातो. फळाच्या वजनाच्या साधारण निम्माच गर हाती लागतो. बाकी साल आणि कोय.

हा गर परदेशी जातो तो तीन रूपांनी. एक, 3.1 किलोचा मोठा डबा. दुसरे, निर्जंतुक पिशवीत भरून पोलादी पिंपात, सुमारे 215 किलो. याला थंडी लागत नाही. तिसरे रूप गोठवलेल्या गराचे. उणे 35 अंशांच्या आसपास तो झपाट्याने गोठवायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत उणे 18 अंशांवर सांभाळायचा. रंग आणि वास यात उत्तम टिकतो, पण खर्चही तसाच. सीताफळाला मात्र दुसरा मार्गच नाही. सीताफळाचा गर तापवला, की कडवटपणा येतो; म्हणून बिया काढायच्या आणि थेट गोठवायचा. दिवाळी उलटून गेल्यावरही सीताफळाची बासुंदी पानात पडते ती या थंडीच्या जोरावर. आणि आमच्या वारणेचे आम्रखंड आठवा. बाराही महिने ते मिळते, झाडावर आंबा असतो जेमतेम दोन-अडीच महिने!

गराला आणखी एक सोय आहे. अमेरिकेचे दार भारतीय आंब्याला 18 वर्षे बंद होते, ते 2007 मध्ये उघडले. युरोपीय संघाने मे 2014 मध्ये फळमाशीमुळे आपला आंबा अडवला आणि 2015 च्या सुरुवातीला बंदी उठवली. तापवून गाळलेल्या गरात माशी राहील कशी? त्यामुळे गराची वाट या काळातही मोकळी होती. सौदी अरेबिया, येमेन, नेदरलँड्स ही त्याची जुनी गिऱ्हाइके.

तरीही या धंद्याची भुरळ पडलेल्या तरुणांनी आंध्रातल्या चित्तूरकडे एकदा नजर टाकावी. चित्तूर आणि तमिळनाडूतील कृष्णगिरी ही देशातील गराची मोठी केंद्रे. तिथला आंबा तोतापुरी. 2025 च्या हंगामात कारखान्यांकडे आदल्या वर्षीचा माल पडून होता, खरेदी मंदावली आणि भाव कोसळले. सरकारला किलोमागे 12 रुपयांचा हिशेब बसवावा लागला, 8 कारखान्याने द्यायचे, 4 सरकारने. म्हणजे शेतकऱ्याच्या यंदाच्या आंब्याचा भाव गेल्या वर्षीची पिंपे विकली गेली की नाही यावर ठरतो. खरेदी दोन महिन्यांत, रोखीने. विक्री वर्षभर, आणि तोवर बँकेचे व्याज चालूच.

गोठवलेल्या मालाला तर विजेचे बिलही जोडीला. कोल्हापूरकरांना दुधामुळे थंडीचा धंदा नवा नाही, हे खरे. पण ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग इथे बंद पडला, ट्रकांच्या रांगा लागल्या, हेही आपण पाहिले आहे. न्हावाशेवा बंदर इथून सुमारे चारशे किलोमीटर. उणे 18 अंशांचा माल रस्ता उघडण्याची वाट पाहत उभा राहिला, की जनरेटरच्या डिझेलवर सारी भिस्त. म्हणून केवळ आंब्यावर इथे कारखाना उभा करू नये, असे मला वाटते. आंबा संपला की जांभूळ, मग सीताफळ, पेरू, असे यंत्र फिरते राहिले तरच व्याज सुटेल.

आणि बागायतदार? 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पेटीवर नाव मिरवता आले. वजनकाट्यावरच्या क्रेटला असे काही मिरवता येत नाही. मेच्या मध्यापासून रस्त्याकडेला कॅनिंगची केंद्रे लागतात, भाव तिथे सांगितला जातो, विचारला जात नाही. झाडावरचा आंबा थांबत नाही, आणि वळवाचा पाऊसही.