विजेला वाट देणारे प्लॅस्टिक
एका फसलेल्या प्रयोगातून लागलेला शोध

घरातील विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते. वायरमनच्या पकडीच्या मुठीही प्लॅस्टिकनेच मढविलेल्या असतात. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, या भरवशावर घरोघरची वीजजोडणी उभी आहे. तांबे, ॲल्युमिनियम आदी धातू विजेचे वाहक आणि प्लॅस्टिक, रबर, लाकूड हे विसंवाहक, असेच शाळेत शिकविले जाते. नित्याच्या व्यवहारात हा नियम आजही खरा आहे. तथापि, विशिष्ट घडणीच्या प्लॅस्टिकवर योग्य संस्कार केल्यास तेही वीज वाहून नेऊ शकते, हे १९७७ साली तीन शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडले. जपानचे डॉ. हिदेकी शिराकावा, न्यूझीलंडमध्ये जन्मलेले डॉ. ॲलन मॅकडायरमिड आणि अमेरिकेचे डॉ. ॲलन हीगर हे ते तिघे. या कार्याबद्दल त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्यांपैकी डॉ. शिराकावा यांची वाटचाल विद्यार्थी व शिक्षक या दोघांनीही जाणून घेण्यासारखी आहे.

शाळकरी वयातील संकल्प

शिराकावा यांचा जन्म २० ऑगस्ट १९३६ रोजी तोकियो येथे झाला. त्यांचे बालपण ताकायामा या डोंगराळ भागातील गावी गेले. त्या काळी जपानमध्ये प्लॅस्टिकच्या वस्तू नव्यानेच येऊ लागल्या होत्या. गरम जेवणाचा डबा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळला की तो कागद ताणून बेढब होई. शाळा सोडताना लिहिलेल्या एका निबंधात शिराकावा यांनी असे दोष नसलेले प्लॅस्टिक तयार करण्यासाठी संशोधन करण्याची इच्छा व्यक्त केली होती. पुढे तोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून त्यांनी १९६६ साली डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच ते साहाय्यक म्हणून काम करू लागले.

दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा

पूर्वी जत्रेतील दुकानांतून कार्बाईडचे दिवे जळत असत. कार्बाईडवर पाणी पडले की जो वायू निघतो आणि पेट घेतो, तो ॲसिटिलीन होय. या वायूचे असंख्य रेणू एकमेकांस जोडून लांब साखळी तयार केली, की पॉलिॲसिटिलीन हा पदार्थ मिळतो. अशा साखळीरूप पदार्थांना बहुवारिक म्हणतात. सर्व प्लॅस्टिके ही बहुवारिकेच होत. इटलीचे शास्त्रज्ञ ज्युलिओ नत्ता यांनी १९५८ साली पॉलिॲसिटिलीन तयार केले होते. परंतु ती काळी भुकटी वितळत नसे, विरघळतही नसे. त्यामुळे तिचा नीट अभ्यास करणे दुरापास्त होते.

१९६७ साली शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या अभ्यासकाने हाच प्रयोग केला. त्यात उत्प्रेरकाचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण नेहमीच्या सुमारे हजार पट पडले. भुकटी तयार झालीच नाही. त्याऐवजी दुधावर साय धरावी तसा चकचकीत पापुद्रा द्रावणाच्या पृष्ठभागावर धरला. प्रयोग फसला म्हणून भांडे धुऊन टाकता आले असते. शिराकावा यांनी तसे न करता असे का घडले याचा शोध घेतला आणि पुढील काही वर्षांत असा पापुद्रा हवा तेव्हा तयार करण्याची पद्धत बसविली. कमी तापमानास तो तांब्याच्या रंगाचा, तर अधिक तापमानास चांदीसारखा होतो, असे त्यांना आढळले. मात्र झळाळी धातूची असली तरी वीज वाहण्याच्या बाबतीत तो धातूच्या जवळपासही नव्हता.

तिघांचा मेळ

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचे प्राध्यापक मॅकडायरमिड हे १९७५ च्या सुमारास जपानमध्ये आले असता शिराकावा यांच्या संस्थेत त्यांचे व्याख्यान झाले. गंधक व नायट्रोजन यांपासून बनलेल्या, सोन्यासारख्या चमकणाऱ्या एका बहुवारिकावर ते हीगर यांच्यासह काम करीत होते. व्याख्यानानंतरच्या मोकळ्या वेळात शिराकावा यांनी आपला रुपेरी पापुद्रा त्यांना दाखविला. तो पाहून मॅकडायरमिड यांनी त्यांना अमेरिकेस येण्याचे निमंत्रण दिले.

पापुद्र्यावर ब्रोमीनसारख्या द्रव्याचा प्रयोग केल्यास त्यातून अवरक्त किरण पूर्वीसारखे पार जात नाहीत, ही तोकियोतील नोंद शिराकावा यांच्यापाशी होती. तिच्या आधारे २३ नोव्हेंबर १९७६ रोजी पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडून त्याची वहनक्षमता मोजण्यात आली. काही मिनिटांतच ती सुमारे एक कोटी पटींनी वाढली. काही बहुवारिकांत थोडीफार वहनक्षमता आढळल्याच्या नोंदी त्यापूर्वीही झाल्या होत्या. परंतु एवढी मोठी वाढ आणि तिच्यामागील कारण यांकडे जगाचे लक्ष वेधले ते या कार्याने.

वीज वाहते कशी?

वीज वाहणे म्हणजे इलेक्ट्रॉन या सूक्ष्म कणांनी पुढे सरकणे. सर्वसाधारण प्लॅस्टिकमध्ये हे कण आपापल्या जागी जखडलेले असतात. पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत कार्बनचे अणू आळीपाळीने एकेरी व दुहेरी बंधांनी जोडलेले असतात. दुहेरी बंधांतील काही इलेक्ट्रॉन त्यामानाने सैल असतात, परंतु त्यांना सरकण्यास जागा नसते. दाटीवाटीने बसलेल्या बाकावर कोणासही हलता येत नाही. एकजण उठला की शेजारचा सरकतो, त्याच्या जागी त्याच्या पलीकडचा येतो आणि रिकामी जागा बाकाच्या टोकापर्यंत प्रवास करते. ब्रोमीन किंवा आयोडीन साखळीतील काही इलेक्ट्रॉन काढून घेते आणि नेमकी अशीच रिकामी जागा निर्माण करते. त्या जागेच्या प्रवासातूनच वीज वाहते.

उपयोग आणि मर्यादा

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही. प्राणवायूच्या संसर्गाने त्याचे गुण झपाट्याने नष्ट होतात. म्हणून ते स्वतः बाजारात आले नाही. पण त्याने दाखविलेल्या वाटेने पॉलिॲनिलीन, पॉलिपायरोल यांसारखी अधिक टिकाऊ वाहक बहुवारिके पुढे आली. छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून द्यावयाचे लेप, तसेच विद्युत उपकरणांतील धारित्रे यांत अशा पदार्थांचा उपयोग झाला. १९९० साली केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी विजेवर प्रकाश देणारे बहुवारिक तयार केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही वाहक बहुवारिकांवर संशोधन झाले आहे. तथापि, घराघरांत वीज पोहोचविण्याचे तांब्याचे व ॲल्युमिनियमचे काम या पदार्थांनी घेतलेले नाही. हलके, लवचिक व पातळ थर जेथे लागतात, तेथेच त्यांचे महत्त्व आहे.

प्रयोगवहीतील खरी नोंद

शिराकावा १९७९ साली त्सुकुबा विद्यापीठात गेले आणि मार्च २००० मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पुढे त्यांनी मुलांसाठी वाहक प्लॅस्टिकचे प्रयोगवर्ग घेण्यात रस घेतला.

शाळेच्या प्रयोगवहीत पुष्कळदा पुस्तकातील अपेक्षित उत्तरच उतरविले जाते आणि हाती आलेले वेगळे उत्तर खोडले जाते. गुण त्यामुळे मिळतात, परंतु वेगळे उत्तर का आले हा प्रश्न तेथेच मिटतो. विद्यार्थ्याने जे पाहिले तेच लिहावे आणि शिक्षकांनी त्याचे कारण त्याच्यासह शोधावे. यास वेगळा खर्च लागत नाही, महागडी उपकरणेही लागत नाहीत. चूक झाली आहे की नवे काही दिसले आहे, हे प्रामाणिक नोंद असेल तरच पुढे कोणाला तरी ठरविता येते.