हॉर्नचा आवाज आणि तारेची जाडी

चिपळूणहून कऱ्हाडला जाताना कुंभार्ली घाट लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये या घाटात धुके असे उतरते की मोटारसायकलच्या पुढच्या चाकापलीकडचे काही दिसत नाही. अशा वेळी वळणावर डोळ्यांचे काम हॉर्नला करावे लागते. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीचा मूळचा हॉर्न म्हणजे जत्रेतली पिपाणी. काच वर करून बसलेल्या ट्रकचालकाला तो ऐकू जाण्याची आशाच नव्हती. म्हणून २०११ च्या पावसाळ्याआधी मी शंखाच्या आकाराचे दोन हॉर्न आणले आणि जुन्या हॉर्नच्या वायरी काढून त्यांना जोडून दिले. वायर आखूड पडली तिथे टाकीखाली तुकडा पिळून जोडला, वर काळी टेप गुंडाळली. अर्ध्या तासाचे काम.

आठवडाभरात गाडीचा फ्यूज दोनदा उडाला. तिसऱ्यांदा मी फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा बसवला. त्या वेळी मी दहावीच्या वर्गाला दरवर्षी ओहमचा नियम शिकवत होतो, हेही सांगून टाकतो.

ऑगस्टमध्ये घाट चढताना मागे सौभाग्यवती होत्या. धुके दाट, त्यामुळे प्रत्येक वळणावर हॉर्न. सुरुवातीला दणदणीत वाजणारा हॉर्न हळूहळू घोगरा झाला. "अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय," असे मागून ऐकू आले आणि पुढच्याच क्षणी टाकीखालून धूर निघाला. इंजिन बंद, पुढचा दिवा बंद, मागचा लाल दिवाही बंद. ऐन वळणावर, धुक्यात, काळोखी गाडी घेऊन आम्ही दोघे! गाडी ढकलत डोंगराच्या कडेला नेली, तोवर एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या चाकांचे पाणी अंगावर आले. हॉर्न लावला होता तो नेमका याच प्रसंगासाठी.

एका टेम्पोवाल्याने गाडीसह आम्हाला वर कोयनानगरपर्यंत नेले. तिथल्या वायरमनने सीट काढली, जळून एकजीव झालेला वायरींचा जुडगा हातात धरला आणि म्हणाला, "सर, मोटार तीन एचपीची बसवलीत आणि पाईप मात्र नळाचाच ठेवलात." त्या एका वाक्यात माझी सगळी चूक आली.

ती चूक अशी. मूळचा छोटा हॉर्न साधारण दोन अँपिअर वीज ओढतो. शंखाचे दोन हॉर्न मिळून आठ-नऊ अँपिअर ओढतात. गाडीतली हॉर्नची वायर असते जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची आणि तिचा प्रवास लांबचा: बॅटरीपासून चावीच्या स्विचला, तिथून हँडलवरच्या बटणाला, मग हॉर्नला आणि परत. ही वाट चार मीटर धरली, तर तांब्याच्या एवढ्या बारीक तारेचा रोध ०.१४ ओहम भरतो. त्यातून नऊ अँपिअर धावले की सव्वा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. बटणाचे नि चावीचे झिजलेले संपर्क आणखी काही खातात. बाराऐवजी हॉर्नला दहाच्या आसपास व्होल्ट मिळाले की त्याचा गळा बसतो. जो व्होल्ट हॉर्नपर्यंत पोचत नाही, त्याची वाटेत उष्णता होते. ती सर्वांत जास्त कुठे होते? जिथे जोड सैल आहे तिथे. माझी टेप तिथेच वितळली, उघडी तार चासीला टेकली आणि वाटेत फ्यूज नसल्यामुळे बॅटरीने आपली सगळी ताकद त्या वायरीत ओतली.

यावर उपाय म्हणजे रिले. काडेपेटीहूनही लहान अशी ही डबी. आत एक विद्युतचुंबक आणि एक स्विच. चुंबकाला फार तर पाव अँपिअर लागतो. बटण दाबले की एवढीच वीज जुन्या वायरीतून जाते, चुंबक आतला मोठा स्विच ओढतो आणि हॉर्नची खरी वीज बॅटरीकडून वेगळ्या, जाड, आखूड वायरीने थेट जाते. साहेबाने घंटी वाजवावी आणि शिपायाने फायलींचा गठ्ठा उचलावा, तसे.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या धन टोकाची वायर, ८७ वरून दोन्ही हॉर्नना. हॉर्नचे उरलेले पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. ८५ आणि ८६ यांना जुन्या हॉर्नकडे येणाऱ्या दोन वायरी. काही गाड्यांत बटण धन बाजू तोडते, काहींत ऋण. पण दोन्ही जुन्या वायरी रिलेच्या चुंबकाला दिल्या की हा प्रश्नच उरत नाही. जुनी वायर एकच असेल आणि हॉर्न चासीवरून ऋण घेत असेल, तर ८६ चासीला जोडावा. जाड वायर दीड चौरस मिलिमीटरची पुरते. येऊन-जाऊन दोन मीटर धरली तरी तिच्यात जेमतेम ०.२ व्होल्ट पडतो.

आणि फ्यूज. तो १५ अँपिअरचा, बॅटरीपासून एका वितीच्या आत. फ्यूज हॉर्नला वाचवतो असा समज आहे. तो वाचवतो वायरीला. फ्यूज हॉर्नजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर अनाथच राहते. जोड पिळून करू नयेत. थिंबल पकडीने दाबून बसवावी, वर हीट श्रिंकची नळी चढवावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. नव्या, इंजेक्शनच्या गाडीत कंपनीची वायर कापू नये. जुन्या हॉर्नच्या पायांवर बसणारी जोडणी करून घ्यावी. वॉरंटीचाही प्रश्न येतो.

शंभर सीसीच्या गाडीला मात्र दोन शंख मी सुचवणार नाही. तिची बॅटरी तीन ते पाच अँपिअर-अवरची. त्यातच एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम पेटता असतो. तिथे एकच चांगला हॉर्न, रिलेसह, पुष्कळ होतो. तसेही सारख्या ताकदीचे दोन हॉर्न मिळून आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहा लागतात. जोडीचा खरा फायदा सुरांचा. एक ४०० च्या आसपास हर्ट्झचा, दुसरा ५०० च्या. दोन्ही मिळून गर्दीत वेगळे ओळखू येतात.

सूर बदलत वाजणारे, गाण्याचे हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालत नाहीत. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर कोणताच हॉर्न वाजवायचा नाही. माझी शाळा रस्त्यालगत होती. फळ्यावर ओहमचा नियम लिहीत असताना बाहेरून कोणी कर्कश हॉर्न वाजवत गेला की मुले खिडकीकडे बघत आणि मी खडू खाली ठेवून थांबत असे.

बसवून झाल्यावर बटण दाबून कान द्यावा. रिलेचा 'टक' आवाज आला आणि हॉर्न गप्प, तर दोष जाड वायरीच्या बाजूला किंवा फ्यूजमध्ये. 'टक'सुद्धा नाही, तर बटणाच्या बाजूला. आमच्याकडच्या पावसात शंखाचे तोंड खाली, किंचित पुढे ठेवावे. वर ठेवले तर त्यात पाणी साठते आणि हॉर्न गुळण्या केल्यासारखा वाजतो.